गर्भारपणातील ओटीपोटाचे दुखणे : ‘चालायचेच’ म्हणून सोडू नये

दिवाळीच्या सुमारास बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर या कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात आणि पुढील चार-पाच महिने पहाटेपासून फडात कोयता चालू राहतो. या मजुरांत गर्भवती स्त्रियाही असतात. वाकून बुडख्याशी ऊस तोडणे, मोळी बांधणे, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवणे ही कामे दिवस भरत आले तरी थांबत नाहीत. त्याच वेळी बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत शिवणयंत्रापुढे सलग बसणारी, शाळेत दिवसभर उभी राहून शिकवणारी किंवा तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत दिवसातून पाच वेळा जिना चढणारी गर्भवतीही असते. या स्त्रियांच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मात्र सहाव्या-सातव्या महिन्यात त्यांच्यापैकी अनेकींच्या तोंडी एकच तक्रार असते : जांघेत चमक मारते, कंबरेखाली कळ येते, कूस बदलवत नाही. आणि त्यांना मिळणारे उत्तरही बहुधा एकच असते. ‘दिवस गेल्यावर असे चालायचेच.’

हे उत्तर अर्धेच खरे आहे. गर्भारपणात अशी वेदना होणे ही मोठ्या प्रमाणावर आढळणारी गोष्ट आहे, साधारणपणे पाच गर्भवतींपैकी एकीला तिचा त्रास होतो. परंतु सर्रास आढळते म्हणून ती सोसलीच पाहिजे, असा त्याचा अर्थ होत नाही. वेळीच लक्ष दिले तर या दुखण्याला बऱ्याच अंशी उतार पडतो आणि दुर्लक्ष केले तर काही स्त्रियांना शेवटच्या महिन्यांत चार पावले टाकणेही अवघड होऊन बसते.

दुखते ते नेमके कोठे?

‘ओटीपोट दुखते’ असे स्त्री सांगते तेव्हा ऐकणाऱ्याचे लक्ष गर्भाशयाकडे जाते. प्रत्यक्षात या तक्रारीचे मूळ पुष्कळदा गर्भाशयाभोवतीच्या हाडांच्या कड्यात असते. वैद्यकीय मराठीत या कड्याला श्रोणी म्हणतात. दोन बाजूंची नितंबास्थी आणि पाठीमागे कण्याच्या शेवटी असलेली त्रिकास्थी यांनी ते बनलेले असते. समोर, ओटीपोटाच्या अगदी तळाशी ही हाडे जेथे जुळतात तो जघनसंधी. मागे त्रिकास्थीच्या दोन्ही अंगांना एकेक सांधा असतो. धडाचा सारा भार या कड्यातून दोन पायांत उतरतो.

जुन्या बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवलेली असे. धाव घट्ट असेपर्यंत चाकाचे लाकडी तुकडे एकसंध राहत, ती सैल झाली की चाक प्रत्येक फेऱ्याला करकरे. श्रोणीच्या सांध्यांभोवती असे काम मजबूत बंध आणि पोट, पाठ, नितंब व ओटीच्या तळाचे स्नायू करतात. गर्भारपणात संप्रेरकांच्या प्रभावाने हे बंध काहीसे लवचीक होतात. प्रसूतीच्या वेळी बाळाला वाट मिळावी, ही त्यामागील निसर्गाची योजना होय. जघनसंधीतील फट एरवी चार ते पाच मिलिमीटर असते, ती या काळात आणखी दोन-तीन मिलिमीटरने वाढते. त्याच वेळी पोट पुढे येते, शरीराचा तोल बदलतो, पोटाचे स्नायू ताणले जातात आणि सांध्यांना आधार देण्याची त्यांची क्षमता कमी होते. जे काम बंध आणि स्नायू मिळून करीत होते त्याचा बोजा मोजक्या ठिकाणी येऊन पडतो आणि तेथे दुखू लागते.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख आवश्यक आहे. ‘हाडे सुटली’, ‘सांधा निखळला’ असे शब्द अशा स्त्रीच्या कानावर सहज घातले जातात. बहुसंख्य स्त्रियांच्या बाबतीत तसे काहीही झालेले नसते. सांध्यातील फट किती रुंद झाली आणि दुखणे किती तीव्र आहे, यांचा थेट मेळ अभ्यासकांना आढळलेला नाही. बंध सैल करणाऱ्या रिलॅक्सिन या संप्रेरकाचे रक्तातील प्रमाण आणि वेदना यांचेही गणित जुळलेले नाही. फट दहा मिलिमीटरपेक्षा अधिक वाढून सांधा खरोखर अलग होणे ही विरळा घटना आहे. भीतीने हालचाल थांबवली की स्नायू आणखी दुबळे होतात आणि दुखणे वाढते, म्हणून हा गैरसमज निरुपद्रवी मानता येत नाही.

ज्यांना पूर्वीपासून कंबरदुखी आहे, ज्यांच्या श्रोणीला कधी अपघातात मार बसला आहे, ज्यांना आधीच्या गर्भारपणात हा त्रास झाला आहे आणि ज्यांचे काम अंगमेहनतीचे आहे, त्यांना तो होण्याची शक्यता अधिक असते.

ओळखावे कसे?

या दुखण्याची खूण अशी की ते हालचालीशी बांधलेले असते. एका पायावर भार आला की ते उसळते. सलवार किंवा परकर उभ्याने घालताना, उंबरठा ओलांडताना, एसटीची उंच पायरी चढताना, वडापच्या जीपमधून उतरताना, रात्री कूस बदलताना कळ येते. कधी समोर जघनसंधीवर, कधी मागे नितंबाच्या वरच्या खळीत, कधी दोन्हीकडे. ती मांडीच्या आतल्या बाजूने खाली उतरते. काहींना हाडांत ‘कट्’ असा आवाज जाणवतो. दिवसभराच्या श्रमांची किंमत बहुधा त्याच रात्री चुकती करावी लागते.

निदानासाठी क्ष-किरण तपासणीची सहसा गरज नसते आणि गर्भारपणात ती टाळलेलीच बरी. डॉक्टर किंवा भौतिकोपचारतज्ज्ञ हाताने तपासून निदान करतात. स्त्रीला उताणे झोपवून एक पाय गुडघ्यात न वाकवता थोडा वर उचलायला सांगतात. तो शिशासारखा जड वाटत असेल आणि दोन्ही बाजूंनी नितंबांवर दाब दिल्यावर हलका उचलला जात असेल, तर दुखण्याचे मूळ श्रोणीच्या आधारात आहे असे समजते. ही तपासणी काही मिनिटांची असते. मात्र वजन, रक्तदाब आणि बाळाचे ठोके पाहून ‘पुढची’ म्हणणाऱ्या गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात ती मागून घ्यावी लागते, हेही तितकेच खरे.

प्रत्येक कळ मात्र श्रोणीच्या सांध्यांची नसते. पाचव्या-सहाव्या महिन्यात चटकन उठताना किंवा शिंकताना जांघेत क्षणभर तीव्र ओढ बसते, ती गर्भाशयाला धरून ठेवणाऱ्या बंधाची. ती धोक्याची नसते. परंतु पुढील लक्षणे असतील तर दुखणे घरी सोसत बसू नये आणि रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तस्रावासह किंवा एका बाजूला तीव्र वेदना असेल तर गर्भ गर्भनलिकेत राहिल्याची शंका घ्यावी लागते. सदतीस आठवड्यांपूर्वी ठरावीक अंतराने पोट कडक होऊन कळा येणे, अंगावरून पाणी किंवा रक्त जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, ताप येणे, लघवीला जळजळ होणे, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे, पायातील शक्ती जाणे किंवा लघवीवरचा ताबा सुटणे, ही सारी वेगळ्या विकारांची लक्षणे आहेत. विश्रांतीतही न थांबणारे, रात्री वाढणारे दुखणे आणि सोबत बारीक ताप असेल तर हाडांच्या क्षयाचाही विचार डॉक्टरांना करावा लागतो.

वेदनाशामक इंजेक्शनाचा मोह

गावोगावी या दुखण्यावर केला जाणारा सर्वांत लवकर आणि सर्वांत घातक उपाय म्हणजे कंबरेत टोचलेले वेदनाशामक इंजेक्शन किंवा औषधाच्या दुकानातून मागून आणलेली ‘अंगदुखीची गोळी’. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही औषधे एरवी सर्रास वापरली जातात. पण गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर ती बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम करू शकतात आणि त्यामुळे गर्भजल घटू शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये दिला. साधारण तिसाव्या आठवड्यानंतर बाळाच्या हृदयाजवळची, जन्मापर्यंत उघडी राहायला हवी अशी रक्तवाहिनी या औषधांनी अकाली बंद होण्याचा धोका असतो, हे तर पूर्वीपासून ठाऊक आहे. औषध घ्यावेच लागले तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून, योग्य मात्रेत आणि थोडे दिवस. दुसऱ्या दिवशी पहाटे फडावर जायचे असलेल्या बाईला ‘विश्रांती घ्या’ असे सांगणे सोपे आहे. तिला इंजेक्शन हवे असते ते त्यामुळेच. पण वेदना दबली की ती त्याच सांध्यावर तेवढाच भार पुन्हा टाकते.

उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेणे किंवा ‘हाड बसवणाऱ्या’कडून कंबर ओढून घेणे हे प्रकार गर्भवतीच्या बाबतीत कटाक्षाने टाळावेत. कंबरेला व नितंबाला कोमट शेक, हलक्या हाताने तेल लावणे यांना हरकत नाही. पोटावर शेक देऊ नये, पोट चोळू नये.

घरातल्या सवयी, थोड्या बदलून

उपचाराचा मोठा भाग औषधांत नसून हालचालींच्या पद्धतीत आहे. तत्त्व एकच : दोन्ही पायांवर भार सारखा ठेवायचा आणि मांड्या एकमेकींपासून फार दूर जाऊ द्यायच्या नाहीत.

कपडे बसून घालावेत. कुशीवर झोपून दोन गुडघ्यांच्या आणि घोट्यांच्या मध्ये उशी ठेवावी. उशी नसेल तर घडी घातलेली गोधडी चालते. कूस बदलताना गुडघे जुळवून सारे अंग एकदम वळवावे. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर होऊन, पाय खाली सोडून, हाताच्या आधाराने बसावे. रिक्षात किंवा मोटारीत बसताना आधी आसनावर टेकावे आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत. जिना एकेक पायरीने चढावा, कमी दुखणारा पाय वर आधी आणि उतरताना जास्त दुखणारा आधी. लहान मूल कडेवर घेणे टाळावे. कडेवरच्या मुलाचे सारे वजन श्रोणीच्या एकाच बाजूवर येते. पाण्याचा हंडा, गवताचा भारा यांचेही तेच.

आपल्याकडील खरी अडचण जमिनीवरच्या जगण्याची आहे. उकिडवे बसून भांडी घासणे, मांडी घालून भाकरी थापणे, वाकून केर काढणे, धारा काढणे, खुरपणी, भारतीय पद्धतीचे शौचालय या सर्वांत मांड्या फाकतात आणि सांध्यांवर ताण येतो. परदेशी पुस्तिकांत याचे उत्तर सापडत नाही. ज्या घरात शक्य आहे तेथे चुलीची किंवा शेगडीची उंची वाढवणे, भांडी ओट्यावर घासणे आणि शौचालयात चौकटीची घडीची खुर्ची ठेवणे हे उपाय खर्चाच्या मानाने फार उपयोगी पडतात. खुरपणीसाठी उकिडवे बसण्याऐवजी बुटका पाट घेतला तरी फरक जाणवतो. दुचाकीवर एका बाजूला पाय सोडून बसल्याने कंबरेला पीळ पडतो; दुखणे सुरू झाल्यावर दुचाकीचा लांबचा प्रवास टाळलेलाच बरा. इंदापूरहून तपासणीसाठी बारामतीला यायचे म्हणजे पन्नासेक किलोमीटर होतात.

याचा अर्थ अंथरूण धरावे असा नाही. गर्भारपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते आणि सतत पडून राहिल्याने पायाच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढतो. दुखणार नाही एवढे, लहान पावलांनी, दिवसातून दोन-तीनदा थोडे थोडे चालावे.

व्यायाम आणि पट्टा

गर्भारपणात नियमित व्यायाम केल्याने कंबर व श्रोणीचे दुखणे टळण्यास मदत होते, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत केली आहे. दुखणे सुरू झाल्यावर भौतिकोपचार, आधारपट्टा, ॲक्युपंक्चर हे पर्यायही त्यात सुचवले आहेत. पुरावा सर्वत्र सारखा भक्कम नाही, हेही सांगितले पाहिजे. कंबरदुखीवर व्यायामाचा गुण जितका स्पष्ट दिसतो तितका केवळ श्रोणीचे दुखणे टाळण्याच्या बाबतीत दिसत नाही. तरीही व्यायाम स्वस्त आहे आणि योग्य रीतीने केल्यास त्यात अपाय नाही.

सोपा व्यायाम म्हणजे ओटीच्या तळाचे स्नायू आवळणे. लघवी व वायू एकाच वेळी रोखून धरल्यासारखे हे स्नायू आत-वर ओढावेत, श्वास न कोंडता काही सेकंद धरावेत आणि सोडावेत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. दुसरा, हात-गुडघ्यांवर ओणवे होऊन पाठ हळूच वर गोल करणे आणि पुन्हा सरळ करणे. तिसरा, खुर्चीवर बसून गुडघ्यांमध्ये उशी धरून ती हलकेच दाबणे. कोणताही व्यायाम करताना जघनसंधीवर कळ आली तर तो थांबवावा.

शहरांतील गर्भसंस्कार वर्गांत ‘प्रसूती सुलभ व्हावी’ म्हणून बद्धकोनासन आणि मालासन आवर्जून करवून घेतले जाते. निरोगी गर्भवतीला त्याने त्रास होत नाही. पण जिचा जघनसंधी दुखतो तिच्या बाबतीत मांड्या फाकवणारी ही आसने दुखणे वाढवू शकतात. वर्गातील सर्वांना एकच आसन देणाऱ्या शिक्षिकेला ही गोष्ट सांगण्याचा संकोच बाळगू नये.

पट्ट्याविषयी गोंधळ पुष्कळ आहे. बाळंतिणीचे पोट बांधण्याची आपली रीत जुनी आहे आणि त्यामुळे ‘पट्टा’ म्हटले की तो पोटावर बांधायचा, असे समजले जाते. श्रोणीचा पट्टा पोटाच्या खाली, नितंबांभोवती, मांडीच्या हाडाचा उंचवटा बाजूला हाताला लागतो त्याच्या जरा वर येतो. गाडीच्या चाकाला धाव जशी बाहेरून आवळते, तसेच त्याचे काम. तो चालताना, उभ्याने काम करताना लावावा आणि बसल्यावर, झोपताना काढावा. पट्टा महागडा असण्याची गरज नाही. भौतिकोपचारतज्ज्ञाकडून जागा समजून घेतली तर सुती कापडाची रुंद घडीही तात्पुरती कामास येते.

आहाराचाही येथे संबंध आहे. ‘ड’ जीवनसत्त्व व कॅल्शियमच्या मोठ्या कमतरतेमुळे हाडे मऊ पडतात आणि श्रोणीत व मांड्यांत बोथट वेदना राहते. सरकारी दवाखान्यांत चौथ्या महिन्यापासून कॅल्शियमच्या गोळ्या मोफत मिळतात, दिवसाला दोन. त्या लोहाच्या गोळीसोबत एकाच वेळी घेऊ नयेत. दोन्हींत काही तासांचे अंतर ठेवावे.

कामाचे काय?

श्रोणीच्या दुखण्यात सर्वांत परिणामकारक औषध म्हणजे कामाचे स्वरूप बदलणे आणि नेमके तेच सर्वांत दुर्मिळ आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने गर्भवतीला एक हक्क दिला होता. प्रसूतीपूर्वीच्या सहा आठवड्यांच्या आधीचा एक महिना, आणि त्या सहा आठवड्यांतही ती रजेवर नसेल तेव्हा, तिने मागणी केल्यास तिला अतिश्रमाचे किंवा दीर्घकाळ उभे राहण्याचे काम देता येत नसे. सामाजिक सुरक्षा संहितेत, जी नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली, ही तरतूद कायम आहे. कारखान्यातील, दुकानातील किंवा शाळेतील स्त्रीने ती माहीत करून घ्यावी आणि डॉक्टरांकडून तसे लेखी मागावे. डॉक्टरांची ‘वजन उचलू नये, दर तासाला बसण्यास मिळावे’ अशी दोन ओळींची चिठ्ठी पुष्कळ काम करते.

ऊसतोडणीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. उचल आधीच घेतलेली असते आणि एकीने दिवस चुकवला की खाडा लागतो. तेथे चिठ्ठी कोणाला दाखवायची? मोळ्या बांधण्याचे काम तिच्याकडे आणि वाहण्याचे दुसऱ्याकडे, एवढी अदलाबदल जरी टोळीत झाली तरी फळीवरची चढण तिच्या वाट्यातून जाते. गावाकडून निघताना माता-बाल संरक्षण कार्ड सोबत आणले तर येथील आशा कार्यकर्तीला पुढची नोंद करणे सोपे जाते. दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गर्भवतींची तपासणी डॉक्टरांकडून होते. दुखण्याची तक्रार त्या दिवशी स्पष्ट शब्दांत, ‘पोट दुखते’ एवढेच न म्हणता, कोणत्या हालचालीला आणि कोठे दुखते हे सांगून मांडावी. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले असून त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले आहे. पूर्वी ज्या गुंतागुंतीच्या रुग्णांना पुण्याचा रस्ता धरावा लागे, त्यांतील काहींना आता शंभर किलोमीटरचा प्रवास टळला आहे.

प्रसूती आणि त्यानंतर

या दुखण्यामुळे सिझेरियन करावेच लागते, ही समजूत चुकीची आहे. बहुतेक स्त्रियांची प्रसूती नैसर्गिकरीत्या होते. फक्त प्रसूतीपूर्वी डॉक्टर आणि परिचारिकांना त्रासाची कल्पना द्यावी. मांड्या किती फाकवल्यावर दुखू लागते ते आधीच मोजून कागदावर लिहून ठेवता येते. पाठीत भूल दिली असेल तर स्त्रीला वेदना कळत नाही आणि नकळत पाय अधिक फाकवले जाऊ शकतात, तेव्हा ही नोंद उपयोगी पडते. कुशीवर किंवा ओणवे होऊन प्रसूती होणे अशा स्त्रीला अधिक सोयीचे असते.

बाळंतपणानंतर बहुसंख्य स्त्रियांचे दुखणे काही आठवड्यांत ओसरते. काहींचे मात्र रेंगाळते. माहेरी सव्वा महिना विश्रांती मिळणारी बाळंतीण आणि पंधराव्या दिवशी फडावर परतणारी बाळंतीण यांचे बरे होणे सारखे नसते. बाळाला पाजताना पाठीला आधार घेऊन बसणे, बाळाला कडेवर न घेता छातीशी धरणे आणि तळाच्या स्नायूंचा व्यायाम चालू ठेवणे या गोष्टी दोघींनाही करता येतात. सहा आठवड्यांच्या तपासणीला बाळाला नेले जाते, पण आईला तपासून घेणे राहून जाते. चालताना तोवर दुखत असेल तर त्याच दिवशी ते सांगून भौतिकोपचारतज्ज्ञाकडे जावे. पुढच्या खेपेस दिवस राहिल्यावर तर ही तक्रार पहिल्याच तपासणीत कार्डावर नोंदवून घ्यावी, म्हणजे व्यायाम आणि पट्टा दुखणे वाढण्याआधीच सुरू करता येतात.